टूरिंग कारची नवी राष्ट्रीय मालिका: १.५ टर्बो सेडानवर नियम बेतले तर?

टॉर्करेंच
कार रेसिंगच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत इंडियन टूरिंग कार्स (रोजच्या गाड्यांवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्या) हा गट बरीच वर्षं आहे. एस्टीम, होंडा सिटी, मग पोलो आणि व्हेंटो अशा गाड्या त्यात येत गेल्या. अडचण अशी की गाड्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या, इंजिनात करता येणारे बदल भरपूर, आणि जुन्या मॉडेलचे सुटे भाग दरवर्षी आणखी दुर्मीळ. आज शोरूममध्ये मिळणाऱ्या गाड्यांवर नवी मालिका उभी करायची तर नियम कसे लिहावेत, यासाठी हा धागा.

माझा प्रस्ताव: चार सिलिंडरची १.५ लिटर टर्बो पेट्रोल सेडान. फोक्सवॅगन व्हर्टस आणि तिची जुळी बहीण स्कोडा स्लाव्हिया, दोन्ही १.५ टीएसआय, १५० पीएस (अश्वशक्ती) आणि २५० एनएम (टॉर्क). ह्युंदाई व्हर्ना १.५ टर्बो, १६० पीएस आणि २५३ एनएम. सगळ्या सहा गिअरच्या मॅन्युअल. इंजिन कंपनीतून आलं तसंच, वर सील. शॉकअ‍ॅब्सॉर्बर, डिफरन्शियल, ब्रेक पॅड, टायर आणि वायरिंग सगळ्यांना आयोजकांकडून एकसारखं. चार फेऱ्या: दोन चेन्नई, एक कोइम्बतूर, एक ग्रेटर नोएडा. प्रत्येक फेरीत तीन शर्यती.

तीन प्रश्न आहेत. कोणते भाग समान ठेवायचे आणि कोणते मोकळे? या दोन प्रकारच्या गाड्यांची बरोबरी कशी साधायची? आणि फेऱ्या कोणत्या महिन्यांत?

स्लिक्स
वाचतोय. व्हर्टस-स्लाव्हिया चाकणच्या, व्हर्ना इरुंगाट्टुकोट्टैची. चेन्नईचा ट्रॅकही इरुंगाट्टुकोट्टैलाच. बंपर तुटला तर व्हर्नावाले रिक्षाने आणतील, व्हर्टसवाल्यांना पुण्याला फोन लावावा लागेल. :)

ओव्हरस्टिअर
जोरदार असहमत. टीसीआरचे (टूरिंग कारचे आंतरराष्ट्रीय) आयते नियम असताना नवे लिहायचे कशाला? २०१५ पासून ते जगभर चाललेत. दोन लिटर टर्बो, पुढच्या चाकांना ताकद, साधारण ३५० पीएस, ड्रायव्हरसकट किमान १२६५ किलो, १८ इंची चाकं. गाडी तयार मिळते, बरोबरीचं गणित तेच लोक करून देतात, आणि आपला ड्रायव्हर उद्या तीच गाडी मलेशियात किंवा युरोपात चालवू शकतो. १५० पीएसच्या सेडान बघायला प्रेक्षक येतील असं वाटत नाही.

पिवळा झेंडा
ओव्हरस्टिअर, टीसीआरचे नियम उत्तम आहेत, त्यावर वाद नाही. पण आपल्याकडे गणित गाडीच्या किमतीपाशी बिघडत नाही, दुसऱ्या हंगामापाशी बिघडतं. टीसीआरचा सिक्वेन्शियल (क्रमानेच गिअर बदलणारा) गिअरबॉक्स ठरावीक किलोमीटरनंतर उघडून डॉग रिंग (गिअर गुंतवणारी कडी) आणि बेअरिंग बदलावी लागतात. ते भाग युरोपातून, आयात शुल्क भरून. पहिल्याच कोपऱ्यात धडक झाली आणि पुढचं अपराइट (चाकाचा हब धरणारा भाग) वाकलं, तर ते फक्त गाडी बनवणाऱ्याकडे मिळतं. एटीए कार्नेटवर (तात्पुरत्या आयातीचा दाखला) गाडी तात्पुरती आणता येते, पण मुदतीत परत न्यावीच लागते. म्हणजे देशात वापरलेल्या गाड्यांचा बाजार तयारच होत नाही. तो बाजार नसेल तर तिसऱ्या वर्षी नवा ड्रायव्हर येणार कुठून?

आपली गाडी महाग करून प्रेक्षक मिळत नाहीत. ग्रिडवर (स्टार्टच्या रांगेत) २० गाड्या असतील आणि त्यातल्या आठ एकमेकींना चिकटून पळत असतील, तर १५० पीएससुद्धा बघवतात. फोक्सवॅगनने २०१० मध्ये इथे पोलो कप सुरू केला, पुढे व्हेंटो आणि १.८ टीएसआय अ‍ॅमियो कप झाले. एकसारख्या गाड्यांच्या शर्यती अटीतटीच्या होतात हे तिथे दिसलं. फक्त त्या एकाच कंपनीच्या मालिका होत्या. कंपनीने हात काढला की सगळं थांबतं.

केतकी_एम
प्रस्ताव आवडला, पण सगळ्यात मोठा खड्डा वायरिंगचा आहे आणि मूळ लेखात त्याला एकच शब्द दिलाय. म्हणून जरा सविस्तर.

एस्टीमच्या काळात गालिचे, सीट, डॅशबोर्ड काढून फेकला तरी इंजिनाला पत्ता लागत नसे. आजच्या गाडीत एअरबॅगचा कंट्रोलर काढला की त्याचे संदेश कॅन बसवर (गाडीतल्या सगळ्या कंट्रोलरना जोडणाऱ्या तारांवर) येणं बंद होतं आणि गेटवे (संदेशांची देवाणघेवाण सांभाळणारा कंट्रोलर) फॉल्ट नोंदवतो. मीटर काढलं की इमोबिलायझर (चोरीविरोधी इलेक्ट्रॉनिक कुलूप) अडतो: इंजिन सुरू होतं आणि सेकंदभरात बंद पडतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला गाडीचा वेग कळला नाही तर ते ठरावीक मदतीवर अडकतं, मग ड्रायव्हर तक्रार करतो की प्रत्येक कोपऱ्यात स्टिअरिंग वेगळं लागतंय.

सगळ्यात धोकादायक उद्योग म्हणजे एबीएसचा फ्यूज काढणं. बरेच जण ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करायला हेच करतात. पण मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवण्याचं काम त्याच युनिटमधला ईबीडी करतो. फ्यूज काढला की मागच्या चाकांना पूर्ण दाब मिळतो. रिकामी केलेली पुढची-चाकं-ओढणारी सेडान जोरात ब्रेक मारताना मागून आधीच हलकी असते. मागची चाकं लॉक होतात आणि गाडी सरळ रस्त्यावर फिरते.

मोटरस्पोर्टचा स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) लावू असं कोणी म्हणेल. ही थेट इंजेक्शनची इंजिनं आहेत. इंजेक्टर उघडायला ६५ व्होल्टच्या आसपासचा झटका लागतो, स्वस्त ईसीयूमध्ये तो झटका देणारं सर्किट नसतं. हाय प्रेशर पंपाचं नियंत्रण वेगळंच.

म्हणून माझी सूचना: कंपनीचाच ईसीयू, कुलूपबंद मॅपसह (इंधन-इग्निशनच्या आकड्यांचा तक्ता). आयोजकांनी एक लहान गेटवे बॉक्स द्यावा. काढून टाकलेल्या मोड्यूलचे संदेश तो पाठवेल, ईएससी झोपवेल आणि एबीएस-ईबीडी जागं ठेवेल. हा बॉक्स आणि तयार वायरिंग हार्नेस हंगामाच्या किमान चार महिने आधी संघांच्या हातात हवा. प्रत्येक संघाने आपापला वायरमन बसवला तर पहिल्या फेरीला अर्धी ग्रिड पिटमध्ये लॅपटॉप लावून बसलेली दिसेल.

विनायक प
केतकीताई, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.
एक शंका: मॅन्युअलची सक्ती का? डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ठेवली तर क्लच जाळणारे नवखे वाचतील ना?

अभिजित_चाकण
विनायक, व्हर्टसमधली सात गिअरची डीएसजी ड्राय क्लचची आहे, तिची मर्यादाच २५० एनएम. इंजिन तेवढंच देतं, म्हणजे हाताशी काही शिल्लक नाही. शर्यतीत क्लच पॅक तापला की कंट्रोलर टॉर्क कापतो, आणि ड्रायव्हरला वाटतं टर्बो गेला. व्हर्नाची डीसीटी (तसाच गिअरबॉक्स) हीही सात गिअरची ड्राय क्लचचीच. मॅन्युअलमध्ये क्लचप्लेट जळाली तरी दोन मेकॅनिक रात्रीत गिअरबॉक्स उतरवून बदलतात.

क्लच वाचवायचाच तर स्टार्टकडे बघा. उभ्या स्टार्टला पुढची चाकं उड्या मारतात आणि तो मार सीव्ही जॉइंटवर (ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांवर) येतो. शनिवारची पहिली शर्यत उभ्या स्टार्टने आणि रविवारच्या दोन रोलिंग (चालत्या गाड्यांच्या) स्टार्टने घेतल्या तर क्लच आणि ड्राइव्हशाफ्ट दोन्हींचं आयुष्य वाढतं.

डिफरन्शियलबद्दल: प्लेटवाला एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल) वेगवान असतो, पण प्लेट झिजतात, प्रीलोड (प्लेटवरचा मूळ दाब) उतरतो आणि तो मोजून शिम (पातळ चकत्या) बदलावे लागतात. ज्या संघाकडे गिअरबॉक्सचा माणूस आहे त्याचा फायदा. हेलिकल (प्लेटऐवजी तिरप्या दात्यांच्या गिअरचा) प्रकार वर्षभर हात न लावता चालतो. त्याची एकच खोड, आतलं चाक कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) उचललं गेलं की पकड सुटते. मी हेलिकलच्या बाजूने. ड्रायव्हरने कर्ब कमी घ्यावा.

आणखी एक. व्हर्टस-स्लाव्हियाला चाकाचे बोल्ट आहेत, एम१४ गुणिले १.५. शर्यतीसाठी ते काढून स्टड आणि नट लावावेत, नाहीतर चाक बदलताना भोकं जुळवण्यात वेळ जातो आणि तापलेल्या हबमधले आटे खराब होतात. १२० एनएमला आवळायचं, आणि पहिल्या सरावानंतर गार झाल्यावर पुन्हा तपासायचं. ही पुन्हा तपासणी विसरली की चाक सुटतं, दुसरं काही कारण नसतं.

डिफरन्शियल
अभिजित +१. नावाला जागून सांगतो, हेलिकलच. :)

पण ब्रेकचं काय? व्हर्टस आणि स्लाव्हियाला मागे ड्रम आहेत, व्हर्ना टर्बोला डिस्क. समान पॅड म्हणून भागणार नाही.

अभिजित_चाकण
ड्रम राहू द्यावेत. अशा गाडीत ब्रेकिंगचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भार पुढे असतो. मागच्या डिस्कचा किट म्हणजे नवे हब, नवी केबल, नवी पाइपलाइन, आणि ईबीडीचं गणित पुन्हा. पैसा पुढे घाला: मोठी डिस्क, समान पॅड, आणि बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवा नेणारा ७५ मिमीचा पाइप. पाइप डिस्कच्या एकाच बाजूवर रोखला तर डिस्क वाकडी होते. हवा हबच्या पोकळीत सोडायची, म्हणजे व्हेनमधून बाहेर फेकली जाते.

ब्रेक फ्लुइडचा नियम मात्र लिहून ठेवा. साध्या डॉट ४ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३०, पाणी शोषल्यावर १५५ अंश. चेन्नईच्या उकाड्यात ते पुरत नाही. ३०० च्या वरचं रेसिंग फ्लुइड, आणि दर फेरीआधी संपूर्ण बदल. उघडलेली बाटली पुढच्या फेरीला वापरायची नाही.

सह्याद्री_फॅब
रोलकेजबद्दल (ड्रायव्हरभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याबद्दल) कोणीच बोललेलं नाही. फियाच्या (आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या) परिशिष्ट जे मधलं कलम २५३ पाळायचं असेल तर मुख्य हूप (ड्रायव्हरमागची कमान) ४५ गुणिले २.५ मिमी किंवा ५० गुणिले २ मिमी, बाकीच्या नळ्या ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २. कोल्ड ड्रॉन, सीमलेस (बिनशिवणीच्या), किमान ताणबल ३५० मेगापास्कल. बाजारात 'सीमलेस' म्हणून शिवणवाली ईआरडब्ल्यू नळी सर्रास गळ्यात मारतात. मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि वाकवलेल्या जागी अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नळीची भिंत पातळ होते.

पायाखालच्या प्लेट: मुख्य हूप आणि पुढच्या पायांना किमान १२० चौ. सेंमी, ३ मिमी जाडीच्या, बॉडीला वेल्ड केलेल्या. मागच्या आधारांना ६० चौ. सेंमी चालतात.

काम चुकतं ते छताजवळ. केज छताला चिकटून बसवला तर नळीच्या वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च पोहोचत नाही, मग वेल्डर खालचा अर्धा घेर करतो आणि वर रंग मारतो. बरोबर पद्धत अशी: पायांखाली जमिनीच्या पत्र्याला भोकं पाडायची, केज त्यातून खाली सोडायचा, वरचे सांधे पूर्ण गोल वेल्ड करायचे, मग केज उचलून खाली प्लेट सरकवायच्या आणि त्या वेल्ड करायच्या. तपासनीसाने छोटा आरसा घेऊन प्रत्येक सांध्याची वरची बाजू बघावी. तेवढं केलं तरी निम्मा दोष पकडला जातो.

मालिका नवीच असेल तर केज एकाच डिझाइनचा, जिगवर (ठरलेल्या साच्यावर) बनवलेला द्या. दोन बॉडी, दोन जिग. स्लाव्हिया आणि व्हर्टसचा सांगाडा एकच आहे, त्यामुळे तिसऱ्याची गरज नाही.

केतकी_एम
सह्याद्री_फॅब यांच्या मुद्द्याला जोडून: खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेच्या खाली ४५ अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नयेत, शिफारस १० अंशांपर्यंतची आहे. हार्नेस बारची उंची त्यावर ठरते. उंच आणि बुटका ड्रायव्हर एकाच गाडीत बसणार असतील तर बार आधी वेल्ड करून मग सीट बसवू नका. सीट आणि पट्ट्यांच्या लेबलवरची मुदत स्क्रुटिनीत (शर्यतीआधीच्या तपासणीत) वाचायची. मुदत संपलेला पट्टा दिसायला नव्यासारखा असला तरी बाद.

इथेनॉलवाला
अवांतर वाटेल, पण इंधनाचा नियम आधी ठरवा. पंपावर आता ई२० (२०% इथेनॉलचं पेट्रोल) आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९% जास्त इंधन. नव्या गाड्यांचं स्टॉक मॅपिंग ते सांभाळतं. पण कोणी बाहेरून वेगळं पेट्रोल आणलं तर नॉक सेन्सरच्या (इंजिनातली ठोक ओळखणाऱ्या) भरवशावर इग्निशन पुढे सरकतं आणि सील केलेल्या इंजिनातून फुकट ताकद निघते. म्हणून सगळ्यांचं इंधन ट्रॅकवर, एकाच टाकीतून. शर्यतीनंतर प्रत्येक गाडीचे तीन नमुने: एक तपासणीला, एक संघाला, एक राखीव.

इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढतं. अर्धा रिकामा, सैल झाकणाचा पिंप चेन्नईत बराच काळ ठेवला तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसू शकतं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. पिंप भरलेले, सीलबंद आणि सावलीत हवेत.

ओव्हरस्टिअर
अवांतर कसलं, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गाडीच्या टाकीचं काय? सेफ्टी सेल (धडकेत न फुटणारी लवचीक टाकी) सक्तीचा करणार का?

इथेनॉलवाला
दोन्ही गाड्यांची ४५ लिटरची टाकी मागच्या सीटखाली, अ‍ॅक्सलच्या पुढे आहे. जागा सुरक्षित आहे. एफटी३ (फियाच्या दर्जाचा) सेल डिकीत बसवायचा म्हटलं तर वजन मागे, ऊंच, आणि मागून धडक बसण्याच्या जागी जातं. शिवाय त्याला पाच वर्षांची मुदत. मूळ टाकी ठेवा, फक्त पंपापाशी एक-दोन लिटरचा स्वर्ल पॉट (पंपासाठी इंधन भरून ठेवणारा डबा) द्या. नाहीतर टाकी पाव भरलेली असताना लांब उजव्या वळणावर इंधन एका बाजूला जातं आणि थेट इंजेक्शनचा पंप हवा ओढतो.

चेन्नईचे १२ लॅप म्हणजे ३.७१७ गुणिले १२, सुमारे ४५ किमी. १०० किमीला ३० लिटर धरले तरी १४ लिटरच्या आत काम होतं. २० लिटर भरून सुरू केलं की वजनही आटोक्यात.

जुनी_पोलिस_जीप
नियम काय असावेत यापेक्षा ते किती वर्षं हलणार नाहीत हे आधी लिहा. टूरिंग कारचा इतिहास खर्चाने बुडालेल्या मालिकांनी भरलाय. जर्मनीची क्लास वन टूरिंग कार १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय झाली, इलेक्ट्रॉनिक्स आणि चारचाकी ड्राइव्हवर पैसा ओतला गेला, ओपेल आणि अल्फा रोमिओ त्याच वर्षअखेर बाहेर पडल्या आणि मालिका संपली. ब्रिटनची सुपर टूरिंग १९९० च्या दशकात जगभर गाजली, पण २००० च्या हंगामात कारखान्याचे संघ फोर्ड, होंडा, व्हॉक्सहॉल एवढेच उरले आणि ते नियम गुंडाळावे लागले. स्वीडनमध्ये २०१२ ला संघांनी वेगळी चूल मांडली, टीटीए नावाने. एवढ्याशा देशात दोन मालिका झाल्या आणि पुढच्याच वर्षी दोन्ही एकत्र कराव्या लागल्या.

टिकलं काय? ब्रिटनने २०११ पासून आणलेले एनजीटीसी नियम. पुढची-मागची सबफ्रेम, गिअरबॉक्स, ब्रेक, ईसीयू सगळ्यांना समान, आणि ज्याला इंजिन बनवायचं नाही त्याला आयोजकांचं भाड्याचं इंजिन. लहान खासगी संघ त्यामुळे कारखान्यांना हरवू शकले. तांत्रिक नियम किमान पाच वर्षं गोठवा.

दुसरं, एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या) परवानगीशिवाय 'राष्ट्रीय अजिंक्यपद' हे नाव लावता येत नाही. जुन्या टूरिंग गटाशी भांडून नव्हे, त्याच शनिवार-रविवारी त्याच ट्रॅकवर ही मालिका ठेवा. मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारे), डॉक्टर, टाइमिंग सगळं आधीच तिथे असतं.

टॉर्करेंच
जीपकाका, पाच वर्षं मान्य. बरोबरीबद्दल कोणी सांगाल का? यशाचं वजन (जिंकणाऱ्याच्या गाडीवर जादा भार) की कामगिरीनुसार समतोल (गाडीच्या मॉडेलप्रमाणे)?

पिवळा झेंडा
दोन्ही, पण वेगवेगळ्या कामाला. व्हर्नाचे जास्तीचे १० पीएस आणि मागची डिस्क हा गाडीचा फरक. तो हंगामाआधी एकाच ड्रायव्हरने, एकाच टायरवर, एकाच दिवशी दोन्ही गाड्या चालवून मोजायचा आणि किमान वजनात टाकायचा. हंगामाच्या मध्ये एकदाच दुरुस्ती. दर फेरीला आकडे हलवले की संघ मुद्दाम हळू पळतात.

ड्रायव्हरच्या यशाचं वजन वेगळं. ब्रिटनमध्ये एकेकाळी अग्रस्थानावरच्या गाडीला ७५ किलोपर्यंत चढत असे. १५० पीएसला तेवढं जड होईल, वर मर्यादा ४० किलो ठेवा: विजेत्याला ४०, मग ३०, २०, १०. एकसंध ठोकळे, बाजूच्या सीटच्या जागी जमिनीला बोल्टने, खालून प्लेट, वर सील. वाळूच्या पिशव्या किंवा सैल शिसं अजिबात नको, धडकेत ते ड्रायव्हरच्या अंगावर येतं.

ग्रिपर
होंडा सिटीला जागा नाही का? १.५ लिटर, १२१ पीएस, देशभर मेकॅनिक.

पिवळा झेंडा
नैसर्गिक हवेचं (टर्बो नसलेलं) इंजिन आणि टर्बो एका शर्यतीत आणले की वजनाने फक्त लॅप टाइम जुळतो, शर्यत जुळत नाही. टर्बो सरळ रस्त्यावर निघून जाते, सिटी वळणात मागे चिकटते आणि पुढे काढायला जागाच मिळत नाही. त्यातून आपटाआपटी. शिवाय उन्हात टर्बोचं इंजिन तापून इग्निशन मागे घेतं, सिटीला तेवढा फरक पडत नाही, म्हणजे मे महिन्यात एक निकाल आणि जानेवारीत दुसरा. सिटीचा वेगळा वर्ग करा, वेगळं बक्षीस द्या.

अभिजित_चाकण
उन्हाचा मुद्दा व्हर्टसला जास्त लागू. तिचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) पाण्याने गार होतो. त्या पाण्याचा स्वतंत्र छोटा रेडिएटर पुढे असतो. सेफ्टी कारमागे (अपघातानंतर सगळ्यांना हळू नेणाऱ्या गाडीमागे) दोन लॅप रांगलं की ते पाणी तापतं आणि रीस्टार्टला गाडी ढेपाळते. एवढा एक रेडिएटर मोठा करायची सूट द्या, मात्र सगळ्यांना एकच भाग क्रमांक.

मावळा४११०
महाराष्ट्रात एकही फेरी नाही याचं वाईट वाटतं. गाड्या चाकणला बनतात आणि शर्यत बघायला चेन्नईला जायचं! मुंबई-पुण्यात रस्त्यावर का नाही? हैदराबादला, चेन्नईला झाल्याच ना.

पिवळा झेंडा
झाल्या. चेन्नईला २०२४ मध्ये आयलंड ग्राउंड्सभोवती ३.५ किमीच्या रस्त्यावर रात्री शर्यत झाली. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ब्लॉक, त्यावर जाळी, वळणांवर टायरच्या भिंती, दिवे, आणि रस्ता पुन्हा करून गुळगुळीत. नव्या मालिकेचं वर्षाचं बजेट एका रात्रीत जाईल. टूरिंग कार एकमेकींना घासतात हा त्यांचा स्वभाव, आणि भिंतीला लागून पळताना प्रत्येक घासण्याचं बिल बॉडीशॉपचं येतं. आंबी व्हॅलीची धावपट्टी ड्रॅगला ठीक, सर्किटला रुंदी आणि मोकळी जागा हवी.

महाराष्ट्राची खरी जागा कार्टिंगमध्ये आहे. कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, मुंबईत कार्टिंग आहे. कार्टिंगच्या विजेत्याला या मालिकेत एक हंगाम फुकट जागा, असं बक्षीस ठेवलं तर इथली मुलं वर येतील.

मावळा४११०
हे मात्र पटलं. एक जागा नव्हे, दोन ठेवा.

तुफान_एक्सप्रेस
फेऱ्यांचे महिने. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, तेव्हा चेन्नई आणि कोइम्बतूर दोन्ही टाळा. कोइम्बतूर नैर्ऋत्य पावसात घाटाच्या आडोशाला असतं, जूनच्या अखेरीस बऱ्यापैकी कोरडं. नोएडाला जुलै-सप्टेंबर पाऊस, नोव्हेंबरात धुरकं, डिसेंबर-जानेवारीत धुकं. धुक्यात एका मार्शल पोस्टवरून पुढची दिसत नसेल तर शर्यत सोडताच येत नाही. म्हणून: जूनअखेर कारी (कोइम्बतूरचा ट्रॅक), ऑगस्ट चेन्नई, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बुद्ध सर्किट (ग्रेटर नोएडा), फेब्रुवारीत चेन्नईला शेवट.

वाहतुकीचं सांगून टाकतो. गाडीची नोंदणी नसल्याने ती रस्त्यावरून चालवत नेता येत नाही. बंद कंटेनर ट्रक, डिलिव्हरी चलान आणि ई-वे बिल. बिलाची मुदत दर २०० किमीला एक दिवस. पुणे ते चेन्नई १२०० किमी, म्हणजे सहा दिवस. ट्रक वाटेत बिघडला तर मुदत संपायच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर या वेळात ती वाढवून घ्यावी लागते. चलानवर सुट्या इंजिनाचा आणि टायरचा उल्लेख नसेल तर चेकपोस्टवर शुक्रवारचा सराव बुडतो.

स्लिक्स
टायरवर माझे दोन शब्द. एकच कंपनी, एकच रबर, प्रत्येक फेरीला आठ नवे स्लिक (कोरड्या ट्रॅकचे, खाचा नसलेले टायर) बारकोडसह. पावसाचे मोकळे ठेवा, नाहीतर पैसे वाचवायला लोक ओल्यात स्लिकवर निघतील. ट्रॅक घड्याळाच्या दिशेचे आहेत, डावं पुढचं आधी संपतं. तापमान १० अंश वाढलं की दाब साधारण ०.१ बार चढतो. सकाळी ८ च्या आणि दुपारी २ च्या सत्राला एकच थंड दाब ठेवणाऱ्याची गाडी पाच लॅपनंतर सरळ जायला लागते.

दोन्ही गाड्यांना मागे टॉर्शन बीम (दोन चाकांना जोडणारा दांडा) आहे, तिथे कॅम्बर-टो (चाकांचे कोन) बदलायला फक्त स्टब आणि बीममधले तिरपे शिम. ते तीन मापांत आयोजकांनीच द्यावेत, नाहीतर लोक बीम तापवून वाकवतात आणि तो नंतर तडकतो.

डॉ_रिकव्हरी
मार्शल आणि डॉक्टर 'आधीच तिथे असतात' असं वर आलंय. असतात, पण बंद गाडीसाठी वेगळी तालीम लागते. छत आणि केजमधून मान हलू न देता माणूस काढायला सहा जणांचं एक्स्ट्रिकेशन पथक हवं, आणि त्यांनी हीच व्हर्टस, हीच व्हर्ना, हाच केज घेऊन सराव केलेला हवा. दाराचे बार कुठे आहेत हे अपघाताच्या वेळी शिकायचं नसतं. पहिल्या फेरीच्या शुक्रवारी एक तास त्यासाठी राखून ठेवा.

दोन मार्शल पोस्टमधलं अंतर ५०० मीटरच्या आत आणि एकावरून पुढची दिसली पाहिजे. रुग्णवाहिका बाहेर गेली तर दुसरी जागेवर येईपर्यंत लाल झेंडा. वेळापत्रकात ही गळती धरा: दिवसाच्या शेवटी ४० मिनिटं रिकामी.

टॉर्करेंच
सगळ्यांचे आभार. मसुद्यात बदल केलेत: कंपनीचा ईसीयू आणि गेटवे बॉक्स, हेलिकल डिफरन्शियल, मागे आहे तेच ब्रेक, जिगवरचा केज, मूळ टाकी, तुफान यांचे महिने, पाच वर्षं गोठवलेले नियम, कार्टिंगसाठी दोन जागा. एक गाठ सुटत नाही. सील केलेल्या टर्बो इंजिनात चोरी करायची जागा बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब). ती पकडायची कशी?

केतकी_एम
सील चार ठिकाणी: व्हॉल्व कव्हर, संप (इंजिनाखालची तेलाची टाकी), टर्बोचं कॉम्प्रेसर हाउसिंग आणि ईसीयूचा कनेक्टर. बोल्टच्या डोक्याला भोक, त्यातून तार, क्रमांकाची शिशाची गोळी, क्रमांक गाडीच्या वहीत.

पण सील पुरत नाही. बूस्ट वाढवायला टर्बो उघडावा लागत नाही, ईसीयूला खोटा दाब दाखवला की तो स्वतःच वाढवतो. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) तारेत एक रेझिस्टर एवढं पुरतं. म्हणून ईसीयूच्या आकड्यावर विसंबू नका. आयोजकांचा दुसरा स्वतंत्र दाब सेन्सर मॅनिफोल्डवर, स्वतःच्या लॉगरला जोडलेला, किमान ५० हर्ट्झवर. शर्यतीनंतर दोन्ही आकडे एकमेकांवर ठेवायचे. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की गाडी पार्क फर्मेतच (शर्यतीनंतर गाड्या अडवून ठेवण्याच्या जागेत) थांबते. शिवाय शनिवारी रात्री चिठ्ठ्या टाकून एकाच मॉडेलच्या चार गाड्यांचे ईसीयू आपसात बदला. ईसीयू कुलूपबंद आणि एकसारखे असतील तर कोणाचंच नुकसान नाही. इमोबिलायझर जुळवायला गेटवे बॉक्समध्ये आधीच सोय ठेवायची, ती मी मसुद्यात लिहून देते.

सह्याद्री_फॅब
त्या दुसऱ्या सेन्सरसाठी मॅनिफोल्डला भोक पाडताना प्लास्टिकचा कीस आत गेला तर थेट व्हॉल्वखाली जातो. मॅनिफोल्ड उतरवून, टॅप मारून, धुऊन मगच बसवा. हे कामही एकाच वर्कशॉपकडे द्या.